साळवे बाईंचा प्रश्न: कळी की फूल?

प्रा. रत्नमाला साळवे यांच्या साठाव्या वर्षानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी मी लिहावं, असा निरोप संपादक मंडळाकडून आला तेव्हा मी उलट विचारलं, "नक्की मीच ना?" गौरव वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांचा, लिहिणारी मंडळी सगळी अभ्यासू, आणि त्यांच्या मधोमध मी, कॉलेजचा खेळाचा मास्तर. मैदानावर चुन्याची फक्की टाकणं, मुलांना घाम काढायला लावणं आणि शिट्टी फुंकणं हा माझा धंदा. पण नंतर विचार केला की बाईंचं ज्ञान पाहिलेले लोक पुष्कळ असतील, बाईंना आनंदानं उडी मारताना पाहिलेला या मंडळींतला माणूस बहुधा मी एकटाच. तेव्हा लिहिणं भाग आहे. मुळातच मी चटकन पेटणारा माणूस आहे. उद्गारचिन्हं जास्त झाली तर संपादकांनी खुशाल खोडावीत.

आमची पहिली ओळख एस.टी.त झाली. सात-आठ वर्षं झाली असतील. नोकरीवर रुजू व्हायला मी संगमनेरहून आमच्या नगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या गाडीत बसलो होतो. थंडी सरत आलेली, गाडी गच्च. एका वळणावर मागून आवाज आला, "शिंदे, जरा थांबवा!" आणि ड्रायव्हरनं लगेच ब्रेक मारला. तिथे ना थांबा, ना वस्ती. मला वाटलं, कुणाला तरी उलटी होतेय. वळून बघतो तर खांद्याला कापडी पिशवी लावलेल्या एक बाई खिडकीतून अर्ध्या बाहेर झुकलेल्या, आणि त्यांच्याबरोबर सगळी गाडी रस्त्याकडेच्या एका पानं झडलेल्या झाडाकडे बघत होती. कुणी कुरकुर करत नव्हतं. कंडक्टरनंसुद्धा तिकिटं फाडायची थांबवली होती.

बाईंचं लक्ष माझ्या ट्रॅकसूटकडे गेलं. "तुमची नजर चांगली दिसते. जरा उतरून बघता का? त्या वरच्या फांदीवर काय आहे?"

मी उतरलो. "लाल लाल काहीतरी आहे!"

"ते मलाही दिसतंय. कळी आहे की फूल?"

"एकच की, बाई."

गाडीतले पाच-सहाजण हसले. बाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "धावणारा रेषेवर पाय ठेवून उभा आहे आणि धावणारा सुटलाय, हे एकच का?"

आता हा प्रश्न मला विचारलाय म्हटल्यावर मी चवड्यांवर उभा राहून, मान मोडेपर्यंत ते झाड न्याहाळलं. शेंड्याकडे सगळ्या कळ्याच होत्या. पण खालच्या बाजूला, काटेरी फांदीच्या आड एक फूल पुरतं उमललेलं होतं. "सुटलाय! एक सुटलाय!" मी ओरडलो. गाडीत टाळ्या पडल्या. झाडाचं नाव पांगारा, हे मला गाडीत परत चढल्यावर कळलं. ज्या कॉलेजात मी निघालो होतो तिथेच बाई शिकवतात, हे त्यानंतर कळलं. अशा रीतीनं रुजू व्हायच्या आधीच बाईंनी मला कामाला लावलं होतं, आणि ते काम आजतागायत सुटलेलं नाही.

कॉलेजच्या फाटकाशी एक फळा आहे. इतर कॉलेजांत अशा फळ्यावर सुविचार असतो. आमच्या फळ्यावर फुलं असतात. कुठल्या गावी काय फुललं, हे गावाहून येणारा कुणीही त्यावर खडूनं लिहावं, अशी बाईंनी पाडलेली रीत. भंडारदऱ्याकडून येणारी पोरं लिहितात, बाजाराला आलेले शेतकरी लिहायला सांगतात, ड्रायव्हर शिंदे गाडी वळवता वळवता ओरडून जातात आणि मग शिपाई लिहितो. "सावर फुलली." "आंब्याला मोहोर." "कडुलिंब अजून नाही." ही शेवटची ओळ बाईंची फार लाडकी. जे झालं नाही तेही लिहा, असा त्यांचा आग्रह असतो, कारण काल नव्हतं हे ठाऊक असेल तरच आज आलं असं म्हणता येतं.

हे सगळं कशासाठी, असं मी सुरुवातीला भीत भीत विचारलं होतं. बाईंनी मला स्टाफरूममध्ये समोर बसवून घेतलं. जगभर हवा तापत चालल्याची चर्चा आहे, असं त्यांनी सांगितलं. परदेशांत याची मोजदाद करायला मोठी यंत्रं आहेत. आपल्याकडे तालुक्याला धड एक थर्मामीटर नाही, पण झाडं आहेत. थंडी केव्हा संपली, ऊन केव्हा चढलं, हे झाड अंगानं जाणतं आणि त्याप्रमाणे फुलतं. तेच झाड, तीच फांदी, दरवर्षी बघत राहिलं आणि फुलायची वेळ सरकत गेलेली दिसली, तर हवा बदलतेय याचा तो पुरावा. मात्र एखाद्या वर्षानं काही ठरत नाही. "किती वर्षं बघायचं?" मी विचारलं. "तीस तरी," बाई म्हणाल्या. मला शंभर मीटरची सवय. तीस वर्षांची शर्यत ऐकून मला घेरीच यायची बाकी होती.

बाईंच्या स्वभावाबद्दल लिहायचं तर आमच्या मुलींच्या पळण्याची गोष्ट सांगायला हवी. मी आलो तेव्हा डोंगराकडच्या गावांतल्या मुली मैदानावर यायला तयार नसत. आल्या तरी घरचे पाठवत नसत. हिरा भांगरे नावाची एक मुलगी राजूरच्या पलीकडच्या एका पाड्यावरून यायची. तिचे पाय बघून मला कळलं होतं की ही पोरगी जिल्हा गाजवेल. तिच्या वडलांना भेटायला गेलो तर ते सरळ म्हणाले, "मास्तर, पोरीनं रस्त्यानं पळायचं म्हंजी लोकं हसत्याल. आमाला न्हाई पटत."

मी हिरमुसून परतलो आणि बाईंना सांगितलं. पुढच्या रविवारी बाई स्वतः जीपनं पाड्यावर गेल्या. पळण्याचा विषयच त्यांनी काढला नाही. पाड्याखालच्या ओढ्याला पळसाची झाडं आहेत, ती रोज सकाळी बघून यायला माणूस हवंय, हिरा हुशार आहे, तिला हे काम द्यावं म्हणते, एवढंच बोलल्या. वडील खूश झाले. कॉलेजच्या कामाला कोण नाही म्हणणार? आता ओढा पाड्यापासून लांब आणि कॉलेजची गाडी सकाळची. तेव्हा चालत जाऊन भागणारच नव्हतं. हिरा रोज पळत जायला लागली, पळत यायला लागली. वर्षभरात आणखी पाच-सहा गावांतल्या मुली बाईंच्या झाडांवर नेमल्या गेल्या, आणि माझा क्रॉस कंट्रीचा संघ तयार झाला! पुढे हिरानं जिल्ह्याच्या स्पर्धेत पहिला नंबर काढला तेव्हा तिचे वडील फेटा बांधून आले होते. "बाईंच्या झाडांनी केलं समदं," असं ते भेटेल त्याला सांगत होते. माझं नाव त्यांनी घेतलं नाही, आणि खरं सांगायचं तर घ्यायला नकोच होतं.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. बाईंना ती या ग्रंथात यावी असं वाटेल की नाही, ठाऊक नाही. मला मात्र त्यांचा मोठेपणा यातच दिसतो.

डोंगरातल्या मुलींकडून पळसाच्या बातम्या यायला लागून दोन-तीन वर्षं झाली होती. बातमी घ्यायची बाईंची एक पद्धत होती. इंग्रजी तारीख विचारली की गावातली म्हातारी माणसं अंदाजानं सांगतात आणि चुकतात, असा त्यांचा अनुभव. सणात मात्र कुणी चुकत नाही. म्हणून त्या विचारत, शिवरात्रीच्या किती आधी फुलला, किती नंतर फुलला? उत्तर चोख यायचं. आदल्या वर्षी सगळीकडून आलं होतं, शिवरात्र झाली आणि मग फुलला. त्या वर्षी मात्र शिवरात्रीला पुष्कळ अवकाश असतानाच हिरा धापा टाकत फळ्यापाशी आली. "बाई, फुलला! लई आधी फुलला!" मग दुसऱ्या गावाहून तेच. तिसऱ्याहून तेच. होळी आली तोवर ओढ्याकाठी फुलांचा नुसता सडा पडलेला, आणि रंगपंचमीला पोरांना रंग करायला फूल मिळेना. पाड्यांवरची पोरं पळसाची फुलं उकळून केशरी रंग करतात. त्या वर्षी त्यांना दुकानातून पुड्या आणाव्या लागल्या.

हिराची आजी ठकूबाई. त्यांनी सांगितलं, "गेल्या कैक वर्सांत शिमग्याला पळस मोकळा न्हवता बगितला. हवाच फिरली हाय आता."

गावंच्या गावं हेच बोलायला लागली. कॉलेजात तर उत्सवच. प्राचार्यांनी बाईंचं कौतुक करायला सभा घेतली. एका वर्तमानपत्राचा वार्ताहर येऊन फळ्याचा फोटो काढून गेला. आणि मग पुण्याहून एका परिसंवादाचं निमंत्रण आलं, की हवामानावर मोठमोठी माणसं बोलणार आहेत, साळवे बाईंनी आपलं निरीक्षण मांडावं.

हे निमंत्रण बाईंसाठी काय होतं, ते सांगतो. बाई कोपरगावकडच्या. वडील साखर कारखान्यात कामाला, घरात शिकलेल्या पहिल्या त्याच. पुण्यात एम.एस्सी. करून त्या आपल्या जिल्ह्यात परतल्या तेव्हा त्यांना कुणीतरी म्हटलं होतं की आता संशोधन विसरा, तालुक्याच्या कॉलेजात खडू आणि डस्टर एवढंच. तीस वर्षांच्या नोकरीत बाईंना अशा सभागृहात बोलायची संधी कधी मिळाली नव्हती. निवृत्ती दिसायला लागली होती. ही पहिली होती आणि बहुधा शेवटची ठरणार होती. त्या सावध होत्या. निबंधाच्या शीर्षकात त्यांनी प्रश्नचिन्ह घातलं होतं. पण त्यांचे डोळे चमकत होते, आणि ते बघून मलाच झोप लागेनाशी झाली होती.

तक्ते मोठे होते म्हणून ते धरायला मी सोबत निघालो. पहाटेच्या गाडीनं निघून दुसऱ्या दिवशीच्या परिसंवादासाठी पुण्याला पोचायचं. आळेफाट्याला गाडी चहाला थांबली. हॉटेलच्या काउंटरवर बरणीत अनारसे दिसले. मी दोन घेतले, एक बाईंना दिला आणि चावता चावता सहज म्हणालो, "छे! आमच्या सासूबाईंच्या हाताची चव नाही याला. गेल्या वर्षी धोंड्याच्या महिन्यात त्यांनी मला ताटभर अनारसे वाढले होते. लग्नानंतरचा पहिलाच धोंडा ना!"

धोंड्याचा महिना म्हणजे अधिक महिना. दर तिसऱ्या वर्षी पंचांगात एक महिना जास्तीचा येतो आणि त्यात जावयांची चंगळ असते, हे वाचकांना मी सांगायला नको. मी अनारशात गुंग. बाईंचा कप मात्र ओठांपाशीच थांबला होता.

"काय म्हणालात?"

"सासूबाईंचे अनारसे..."

"ते नाही. धोंड्याचा महिना गेल्या वर्षी होता?"

"हो की. आषाढ दोनदा आला होता."

"म्हणजे त्यानंतरचे सगळे सण पुढे गेले?"

"जाणारच! दिवाळीसुद्धा उशिरानंच आली होती. शिवरात्र तर पार मार्चात गेली..." आणि एवढं बोलल्यावर माझ्या तोंडातला घास तोंडातच राहिला.

बाईंनी कप खाली ठेवला. मला वाटलं, आता या रडतात. सगळ्या कष्टांचं मातेरं झालं होतं. आणि बाई हसायला लागल्या! साधंसुधं नाही, खदखदून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. माझा दंड गच्च धरून त्या म्हणाल्या, "नवले, पळस जागेवरच आहे! शिवरात्र सरकली!"

हॉटेलमालक बघत राहिला. त्याच्या भिंतीवर एकाच खिळ्याला नव्या कॅलेंडरखाली जुनी कॅलेंडरं तशीच टांगलेली होती. बाईंनी ती सगळी मागून घेतली. गाडीत बसल्यावर मांडीवर कॅलेंडरं पसरून, पेन्सिल घेऊन आम्ही सगळ्या गावांची माहिती पुन्हा मोजली. मी सण सांगायचा, बाईंनी तारीख काढायची. नारायणगाव ओलांडायच्या आत चित्र स्पष्ट झालं. शिवरात्रीपासून मोजलं तर पळस अडीच-तीन आठवड्यांनी आधी आलेला. तारखेनं मोजलं तर जिथे गेल्या वर्षी होता तिथेच, थोडा इकडे, थोडा तिकडे. रंगपंचमीला फुलं नव्हती कारण रंगपंचमीच उशिरा आली होती.

बाई म्हणाल्या, "आमच्या घरी धोंड्याचा महिना पाळत नाहीत. माझ्या आईवडलांनी दीक्षा घेतली तेव्हापासून पंचांग घरात आलंच नाही. त्यामुळे माझ्या हे ध्यानातच आलं नाही. आणि तुमच्या घरी तो इतका पाळतात की तुम्हाला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही."

मी मात्र घाबरलो होतो. सगळा जिल्हा उद्याकडे डोळे लावून बसला होता. मी हळूच म्हणालो, "बाई, आहे तसं वाचलं तर? तिथे कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना आता," बाई म्हणाल्या. त्यांनी तक्त्यांची गुंडाळी सोडली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर नव्यानं लिहायला घेतलं. रस्ता खराब, गाडी उडत होती, अक्षर वेडंवाकडं येत होतं. मी तक्ता धरून बसलो.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलेलं. बाईंचं नाव पुकारलं. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी जे सांगायला आले होते ते चूक आहे. ते माझ्या हातून कसं चुकलं, एवढंच आता सांगते." आणि मग त्यांनी शिवरात्र, पळस, धोंड्याचा महिना, सगळं सांगितलं. अनारशांसकट! मी मागे तक्ता धरून उभा होतो. मग कोकणातून आलेले एक गृहस्थ उठले आणि डोकं खाजवत म्हणाले, "आमची तेरड्याची सगळी माहिती गौरी-गणपतीवरून मोजलेली आहे. परत जाऊन बघायला हवं." आणखी एकांनी कडुलिंबाचा मोहोर पाडव्यावरून धरला होता. हशा झाला, आणि मग जी चर्चा उसळली ती जेवणाची घंटा झाली तरी थांबेना. बाईंना बोलायला दिलेल्या वेळाच्या कितीतरी पट वेळ त्या बोलत होत्या. विज्ञानाच्या इतिहासात माझ्या सासूबाईंच्या अनारशांना जागा मिळावी, अशी माझी नम्र मागणी आहे.

पण खरी परीक्षा पुण्यात नव्हती. ती डोंगरात होती. ज्या गावांनी एवढ्या आनंदानं बातम्या दिल्या, ज्यांची नावं पेपरात आली, त्यांना आता काय सांगायचं? गावानं तोंड फिरवलं असतं तर फळा कोरा पडला असता, आणि मुलींचं पळणंही थांबलं असतं. प्राचार्य म्हणाले, कशाला सांगता, विसरतील लोक. बाईंनी ऐकलं नाही. मे महिन्याच्या उन्हात त्या जीपनं एकेका गावात गेल्या. हिराच्या पाड्यावर मी बरोबर होतो.

अंगणात माणसं जमली. बाईंनी सगळं समजावून सांगितलं. ठकूबाईंचा चेहरा उतरला. "म्हंजी आमी खोटं बोललो व्हय?"

"नाही आजी. तुम्ही सांगितलं ते अगदी खरं. चूक माझी. तुम्हाला मी शिवरात्रीपासून मोजायला सांगितलं, आणि शिवरात्र एका जागी राहत नाही."

ठकूबाई विचारात पडल्या. हिरा मान खाली घालून भिंतीला टेकलेली. तिला वाटत होतं, आता हे काम गेलं. मग आजीच म्हणाल्या, "मंग न हालनारा सन सांग की. त्याच्यावरनं मोजू."

यावर जी चर्चा झाली, तशी मी कुठल्या परिसंवादात ऐकलेली नाही! कुणी म्हणालं, होळी. नाही, ती हलते. पाडवा? हलतो. "संक्रांत न्हाई हालत," एकजण म्हणाला. बरोबर, पण ती फार आधी येते. तेव्हा भिंतीला टेकलेली हिरा पहिल्यांदा बोलली. "झेंडा." सव्वीस जानेवारीचा झेंडा. शाळेत दरवर्षी त्याच तारखेला चढतो, गावाला जिलेबी मिळते, कुणी विसरत नाही. त्यानंतर किती आठवडी बाजार झाले ते गावात सगळ्यांना पाठ. झेंड्यानंतरचा कितवा बाजार, आणि बाजाराच्या किती दिवस आधी की नंतर, एवढं सांगितलं की तारीख आपोआप निघते. बाईंनी हिराला जवळ ओढलं आणि तिथल्या तिथे एक उडी मारली. साठीकडे झुकलेल्या माझ्या वरिष्ठ सहकारी, भर अंगणात! पाड्यावरची माणसं पोट धरून हसली. आमच्या फळ्यावर आता "झेंड्यानंतर चौथा बाजार, पळस सुटला" असं काही लिहिलेलं दिसलं तर पाहुण्यांनी बुचकळ्यात पडू नये. "सुटला" हा शब्द माझा आहे, तेवढा अभिमान मला बाळगू द्या.

परतताना जीपमध्ये बाईंनी मला एक गोष्ट सांगितली. न हलणारा सण त्यांच्या लहानपणापासून त्यांच्या घरातच होता. चौदा एप्रिलची जयंती. कोपरगावकडच्या त्यांच्या वस्तीत विहारापाशी एक बहावा आहे. मिरवणुकीच्या दिवशी फोटोला पिवळ्या फुलांचा हार घालावा अशी आईची फार इच्छा असायची, पण जयंतीला तो नेहमी कळ्यांतच असायचा. आई दरवर्षी झाडाखाली उभी राहून विचारायची, "रत्ना, बघ गं, कळी हाय का फूल?" अलीकडे जयंतीला त्याची फुलं मिळायला लागली आहेत.

मी सीटवरून उठलोच. "बाई! हा खरा पुरावा! तारीख हलत नाही, झाड तेच!"

"बसा खाली," बाई म्हणाल्या. "शेजारून कालवा गेलाय. उसाला पाणी फिरलंय. झाडाला आधी नव्हता एवढा ओलावा मिळतो, त्यानंही फुलायची वेळ बदलते. हा एकटा बहावा मी साक्षीला घेणार नाही."

म्हणून त्यांनी कॉलेजच्या फाटकाशी, कालवा नाही की पाट नाही अशा कोरड्या जागी उभ्या असलेल्या जुन्या बहाव्याकडे आणि त्याच्या शेजारच्या कडुलिंबाकडे जास्त बारकाईनं बघायला सुरुवात केली. या दोन झाडांच्या बाबतीत त्यांनी पहिल्यापासून जयंतीवरूनच मोजलेलं आहे, त्यामुळे तिथे पंचांगाची भानगड नाही. या झाडांचं काय म्हणणं आहे? मला विचाराल तर मी छातीठोकपणे सांगेन की ती दोन्ही शिट्टीच्या आधी सुटायला लागली आहेत. गेली काही वर्षं मी स्वतः बघतोय. सावकाश, एखादं वर्ष मागे, दोन वर्षं पुढे, पण ओढ एकाच बाजूला आहे. हवा बदलतेय आणि ती आमच्या फाटकाशी बदलतेय, या विचारानं माझ्या अंगावर काटा येतो. भीती वाटते, आणि आपण हे घडताना बघतोय याचा आनंदही वाटतो. बाईंना विचाराल तर त्या म्हणतील, "दिसतंय तसं. पण अजून बोलायचं नाही. तीसातली अर्धीच वर्षं झालीत."

यंदा बाई निवृत्त होत आहेत. अर्धीच वर्षं झालीत, हे त्यांचं वाक्य त्यामुळे माझ्या मनातून जात नाही. फळ्याचं काय होणार, असं प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळे विचारतात. हिरा आता राजूरजवळच्या एका शाळेत शिक्षिका आहे. तिनं शाळेच्या भिंतीला तसाच एक फळा लावला आहे. ड्रायव्हर शिंदे त्या वळणावर आजही गाडी हळू करतात. फाटकाचा फळा माझ्याकडे सोपवला आहे. मी बाईंना म्हटलं, मी खेळाचा मास्तर, मला कुठे जमणार? त्या म्हणाल्या, "तीस वर्षांची शर्यत आहे, नवले. एकटीनं पळायची नसते ती." पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही. रिलेमध्ये काठी हातात आली की काय करायचं, ते मी रोज मुलांना शिकवतो.

बाई, या ग्रंथात सगळेजण तुम्हाला दीर्घायुष्य चिंततील. ते प्रेमानं चिंततील. मीही प्रेमानंच चिंततो, पण माझा त्यात स्वार्थ आहे. उरलेली वर्षं मोजून व्हायची आहेत, आणि काठी माझ्या हातात असली तरी खात्री करायला अजून तुम्हीच हव्यात. तेव्हा गुडघ्यांची काळजी घ्या, उन्हात टोपी घाला, आणि दरवर्षी चौदा एप्रिलला सकाळी फाटकाच्या बहाव्याखाली या. मी चवड्यांवर उभा राहून वर बघेन, जे दिसेल ते ओरडून सांगेन. नेहमीप्रमाणेच तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवू नका. खालून विचारा, कळी की फूल?